लाल गाडीने बेर्ग्यूनला: आल्प्समधला पहिला रेल्वेप्रवास कसा आखावा

स्वित्झर्लंडमधल्या बेर्ग्यून गावाचं स्टेशन समुद्रसपाटीपासून १,३७३ मीटरवर आहे. आपलं महाबळेश्वर १,३५३ मीटरवर. उंची जवळजवळ तीच. पण बेर्ग्यूनहून निघालेली गाडी पुढच्या प्रेडा स्टेशनात शिरते तेव्हा ती १,७८९ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्याही वर पोचलेली असते. हा सगळा चढ ती चाकं आणि रूळ यांच्या पकडीवर चढते. रुळांच्या मधे चाकाला पकड देणारी दातेरी पट्टी नाही, कर्जतला लागतं तसं मागून रेटा द्यायला बँकर इंजिन नाही.

स्वित्झर्लंडच्या पूर्वेकडच्या ग्राउब्युंडेन प्रांतातली ही रेल्वे पाहायला आपल्याकडून आता बरीच माणसं स्वतःच्या स्वतः जाऊ लागली आहेत. त्यातले अनेक जण मला एकच प्रश्न विचारतात: बर्निना एक्स्प्रेसचं, म्हणजे या मार्गावरच्या खास पर्यटक गाडीचं, आरक्षण मिळत नाहीये, आता काय करू? माझं उत्तर ठरलेलं आहे. मिळालं नाही तर काही बिघडत नाही. त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून दर तासाला साधी लाल गाडी जाते. तिला आरक्षण लागत नाही. तिने जा, बेर्ग्यूनला उतरा, निदान दोन रात्री राहा आणि त्यातला एक दिवस रुळांच्या कडेकडेने पायी डोंगर उतरा. गाडीत बसून हा मार्ग दिसतो, पण तो बांधला कसा असेल हे पायवाटेवरच कळतं.

आधी मार्गाची ओळख

या रेल्वेचं नाव रेटिशे बान. डब्यांवर आर-एच-बी ही अक्षरं दिसतील. रूळ एक मीटर रुंदीचे, म्हणजे आपल्या जुन्या मीटरगेजएवढे. यातला टूझिस ते सेंट मॉरिट्झ हा आल्बुला मार्ग, सुमारे ६२ किलोमीटरचा. १९०३ साली तो सेलेरिनापर्यंत सुरू झाला आणि १९०४ साली सेंट मॉरिट्झला पोचला. सेंट मॉरिट्झहून पुढे खिंड ओलांडून इटलीतल्या तिरानोपर्यंत जातो तो बर्निना मार्ग, १९१० साली पूर्ण झालेला. दोन्ही मिळून १९६ पूल आणि ५५ बोगदे. २००८ साली हे दोन्ही मार्ग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. आपली कालका-शिमला रेल्वेसुद्धा त्याच वर्षी त्या यादीत गेली. रेल्वेवर प्रेम करणाऱ्या माणसाला हा योग आवडल्याशिवाय राहणार नाही.

चढाचा अंदाज यावा म्हणून एक तुलना सांगतो. कर्जत-खंडाळा घाटात चढ सदतीस मीटरला एक मीटर असा आहे. आल्बुला मार्गावर तो साधारण साडेअठ्ठावीस मीटरला एक. नेरळहून माथेरानला जाणारी आपली छोटी गाडी वीस मीटरला एक मीटर चढते. आणि बर्निना मार्गावर जिथे चढ सर्वांत तीव्र आहे तिथे चौदा मीटरला एक! डब्यात बसल्यावर पाण्याची बाटली टेबलावर ठेवून बघा, पाणी तिरपं दिसतं.

कधी जावं

पायी फिरायचं असेल तर जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. मला स्वतःला सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सर्वांत आवडतो. त्या डोंगरांवर लार्च नावाचं झाड भरपूर आहे. सूचिपर्णी असूनही त्याची पानं थंडीआधी गळतात, आणि गळण्यापूर्वी सोन्यासारखी पिवळी होतात. लाल गाडी त्या पिवळ्या रानातून जाताना पाहिली की फोटो काढायचं भान राहत नाही.

डिसेंबर ते मार्च हा बर्फाचा काळ. तेव्हा प्रेडाहून बेर्ग्यूनला येणारा आल्बुला खिंडीचा मोटाररस्ता बंद असतो आणि त्याच रस्त्यावर सहा किलोमीटरची घसरगाडीची वाट तयार करतात. घसरगाडी बेर्ग्यूनला भाड्याने घ्यायची, गाडीने प्रेडाला चढायचं, घसरत खाली यायचं, पुन्हा गाडी पकडायची. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडातही हा खेळ चालतो. मुलं बरोबर असतील तर हिवाळाच निवडा.

एप्रिल-मे आणि नोव्हेंबर मात्र टाळा. आपल्या शाळांना तेव्हा सुट्ट्या असतात हे खरं, पण तिथे त्या दिवसांत वाटा चिखलाच्या किंवा अर्ध्या बर्फाखाली असतात आणि पहाडातली बरीच हॉटेलं मधली सुट्टी घेतात. मेमध्येच जाणं भाग असेल, तर शेवटच्या आठवड्यात जा आणि गाडीचा प्रवास हाच मुख्य बेत ठेवा.

निघण्याआधीची कामं

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. पंधरा दिवसांच्या आत आलं की उशीर झाला असं समजा. उन्हाळ्यासाठी जाणार असाल तर मी दोन-तीन महिने हातात ठेवायला सांगेन. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तिरानो इटलीत असलं तरी तेही शेंगेनमध्येच येतं, त्यामुळे वेगळा व्हिसा नको. पासपोर्ट मात्र त्या दिवशी खोलीवर विसरू नका.

तिकिटांचं गणित लोकांना सर्वांत जास्त गोंधळात टाकतं, म्हणून ते सावकाश सांगतो. परदेशी पर्यटकांसाठी दोन मुख्य पर्याय आहेत. स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. तेवढे दिवस रेल्वे, बस आणि सरोवरातल्या बोटी यांची वेगळी तिकिटं काढावी लागत नाहीत, आणि या लाल गाड्यांना तो थेट तिरानोपर्यंत चालतो. दुसरा पर्याय स्विस हाफ फेअर कार्ड: हे एक महिन्याचं, आणि त्यावर बहुतेक तिकिटं अर्ध्या किमतीत.

निवड अशी करा. स्विस रेल्वेचं एसबीबी मोबाइल हे ॲप फोनवर घ्या. आपण कुठल्या दिवशी कुठून कुठे जाणार ते कागदावर लिहा आणि प्रत्येक प्रवासाचं पूर्ण भाडं ॲपमध्ये पाहून समोर मांडा. बेरीज करा, तिची निम्मी करा, त्यात हाफ फेअर कार्डाची किंमत मिळवा. हा आकडा पासच्या किमतीपेक्षा कमी आला तर कार्ड घ्या, जास्त आला तर पास. रोज नवं शहर असेल तर पास बहुधा जिंकतो. एका गावात तीन-चार दिवस मुक्काम करून आसपास फिरणार असाल, म्हणजे हा लेख सांगतो तसं, तर पुष्कळदा कार्ड स्वस्त पडतं. अर्धा तास जाईल, पण चौघांच्या कुटुंबात या अर्ध्या तासाचा फरक मोठा असतो.

मुलांसाठी स्विस फॅमिली कार्ड मागून घ्या. ते फुकट मिळतं, आणि आई किंवा वडील बरोबर असतील तर सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना तिकीट लागत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना ते लागतच नाही.

बर्निना एक्स्प्रेसबद्दल इतकंच लक्षात ठेवा: पास असला तरी तिला आसनाचं आरक्षण आणि त्याचे वेगळे पैसे लागतात. तिच्या खिडक्या छतापर्यंत चढलेल्या असतात, दृश्य भव्य दिसतं, पण त्या उघडत नाहीत. साध्या गाडीत उघडणाऱ्या खिडकीचा डबा मिळू शकतो. खिडकी खाली ओढली की गार हवा, झाडांचा वास आणि वळणावर चाकांचा आवाज आत येतो. फोटोतही काचेतलं प्रतिबिंब येत नाही. हात आणि डोकं मात्र आतच ठेवा. बोगद्याच्या भिंती फार जवळून जातात.

झ्युरिक ते कूर

भारतातून येणारी विमानं बहुधा झ्युरिकला उतरवतात. विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे आणि तिथून शहराचं मुख्य स्टेशन दहा-बारा मिनिटांवर. स्टेशनात दोन रंगांचे मोठे कागदी फलक दिसतील. पिवळा सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्या गाड्यांचा. घाईत माणूस पांढऱ्यावर वेळ शोधत बसतो. आपल्याला पिवळा पाहायचा आहे.

फलाटावर जायला फाटक नाही, कोणी तिकीट विचारत नाही. पण गाडीत टीसी येतो आणि विनातिकीट असाल तर दंड होतो, तुम्ही परदेशी आहात म्हणून सूट नाही. तिकीट गाडीत बसण्यापूर्वीच काढलेलं हवं. डब्याच्या दाराशी १ किंवा २ लिहिलेलं असतं, तो वर्ग. दुसरा वर्ग पूर्ण आरामशीर आहे. पहिल्या वर्गाचे पैसे वाचवून एक रात्र जास्त राहा.

झ्युरिकहून ज्या गाडीत बसायचं त्या गावाचं नाव इंग्रजीत सी-एच-यू-आर असं लिहिलेलं दिसेल. उच्चार ‘कूर’. ‘चूर’ म्हणून विचारलंत तर समोरचा गोंधळेल. प्रवास साधारण सव्वा तासाचा. डाव्या बाजूला बसा. आधी झ्युरिकचं सरोवर आणि मग वालेनझे नावाचं दुसरं सरोवर डावीकडेच लागतं, आणि त्याच्या पलीकडे डोंगराची सरळसोट भिंत उभी आहे. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर इथे डोळा लागण्याची फार शक्यता असते. वालेनझेपर्यंत तरी जागे राहा.

कूर ते बेर्ग्यून

कूरला रुंद रूळ सोडून अरुंद रुळांवर यायचं. फलाट शेजारशेजारचे आहेत आणि वेळापत्रक असं जुळवलेलं असतं की थोड्याच मिनिटांत लाल गाडी सुटते. मोठ्या बॅगा असतील आणि आईवडील बरोबर असतील तर धावू नका. तासाभराने पुढची आहेच. आम्ही पहिल्या वेळी आईचा हात धरून जिना पळत उतरलो आणि तिचा गुडघा दोन दिवस दुखत राहिला. तेवढ्या मिनिटांसाठी ते करायला नको होतं.

सेंट मॉरिट्झच्या गाडीत बसा आणि या वेळी जागा उजवीकडे धरा. बेर्ग्यूनला पोचायला साधारण सव्वा तास लागतो.

पहिली वीसेक मिनिटं सौम्य आहेत. राइखेनाऊ-टामिन्सपाशी ऱ्हाइन नदीच्या दोन धारा एकमेकींना मिळतात आणि तिथून पुढे ती नुसती ऱ्हाइन होते. नकाशावर एवढी मोठी दिसणारी नदी इथे उडी मारून ओलांडता येईल की काय असं वाटतं. मग डोमलेश्ग खोरं लागतं. सफरचंदाच्या बागा, टेकड्यांवर जुने किल्ले. सह्याद्रीत गड पाहत वाढलेल्या माणसाची नजर आपोआप त्यांच्या तटांवर जाते.

टूझिसनंतर मात्र पुस्तक, फोन सगळं बाजूला ठेवा. गाडी शिन नावाच्या अरुंद दरीत शिरते, बोगद्यांची माळ सुरू होते, आणि एका बोगद्यातून बाहेर पडून ती सोलिसच्या पुलावर येते. खाली आल्बुला नदी ८९ मीटर खोल. या रेल्वेवरचा हा सर्वांत उंच पूल आहे, पण गाडीतून तो क्षणभरच दिसतो. पोपटी पाण्याची एक रेघ, एवढंच.

तिफेनकास्टल गेलं की तयारीत राहा. आल्व्हानेऊनंतर गाडी उजवीकडे वळू लागते आणि उजव्या खिडकीतून आपल्याच गाडीचं तोंड पुढे दिसू लागतं. हाच लांडवासर पूल. ६५ मीटर उंच, सहा कमानी, आणि सगळा पूल १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर उभा. शेवटची कमान थेट उभ्या कड्याला टेकते आणि गाडी पुलावरून सरळ बोगद्यात घुसते. १९०१-०२ मध्ये हा बांधला तेव्हा उंच खांबांभोवती लाकडी परांची बांधलीच नाही. खांबाच्या आत पोलादी मनोरा उभा करून त्यावरून दगड वर चढवले आणि भोवती बांधकाम वाढवत नेलं. या मार्गाचे मुख्य अभियंता होते फ्रीडरिश हेन्निंग्ज. पूल पार व्हायला लागतो जेमतेम अर्धा मिनिट. व्हिडिओ काढायचा तर आधीपासून सुरू ठेवा, नाहीतर सरळ फोन खाली ठेवून डोळ्यांनी पाहा. मी दुसरं सुचवेन.

लगेच फिलिझूर येतं. ते सुटल्यावर गाडी डोंगराच्या पोटात एक अख्खं गोल फिरून वर निघते. हा ग्राइफेनश्टाइनचा बोगदा, ६९८ मीटरचा. बाहेर आल्यावर तेच फिलिझूर खाली गेलेलं दिसतं. मग अरुंद दरीतून बेर्ग्यून.

एक सवय आधीच लावून घ्या. या मार्गावरच्या बऱ्याच छोट्या स्टेशनांवर गाडी मागणी असेल तरच थांबते. डब्यात दाराशी बटण असतं, स्टेशन जाहीर झालं की ते दाबायचं. चढायचं असेल तर फलाटावरही तसंच बटण असतं. आपल्याकडे गाडी थांबतेच, त्यामुळे हे लक्षात राहत नाही आणि स्टेशन डोळ्यांसमोरून निघून जातं.

गावात

स्टेशनाच्या बाहेरच याच रेल्वेचं एक जुनं लांब नाकाचं इंजिन उभं दिसेल. त्याला तिथे मगर म्हणतात. त्याच्या शेजारच्या इमारतीत आल्बुला रेल्वे संग्रहालय आहे. ही इमारत पूर्वी सैन्याचं शस्त्रागार होती. संग्रहालयाला निदान दोन तास द्या, आणि शक्यतो पायी उतरण्याच्या आदल्या दिवशी द्या. मार्गाची मोठी प्रतिकृती पाहून झाली की दुसऱ्या दिवशी डोंगरात आपण कुठे उभे आहोत ते नेमकं कळतं.

गाव स्टेशनाच्या खाली आहे. जाड भिंतींची मोठी घरं, खोल गेलेल्या लहान खिडक्या, कडेला पुढे आलेले सज्जे. भिंतींवरची नक्षी रंगवलेली वाटते, पण जवळून पाहा. वरचा ओला गिलावा खरवडून खालच्या थराचा रंग उघडा केलेला असतो. मधोमध कांद्याच्या आकाराच्या छताचा मध्ययुगीन मनोरा आहे. गावाचं दुसरं नाव ब्राव्हुओन्य, ते रोमान्श भाषेतलं. लॅटिनपासून निघालेली ही भाषा बोलणारे आता थोडे उरले आहेत. आज गावात बहुतेक व्यवहार जर्मनमध्ये चालतो, पण पाट्या दोन्ही नावांनी लावलेल्या असतात आणि लोक त्याबद्दल आग्रही आहेत. ग्राउब्युंडेन हा स्वित्झर्लंडचा एकमेव त्रैभाषिक प्रांत आहे: जर्मन, रोमान्श आणि इटालियन. दुकानात शिरताना ‘ग्रुएत्सी’ म्हणा. नमस्कार न करता थेट वस्तू मागणं तिथे उद्धटपणाचं वाटतं.

२०१७ साली या गावाने फोटो काढायला बंदी करणारा ठराव केला होता. कारण दिलं होतं की इथले सुंदर फोटो पाहून न आलेली माणसं दुःखी होतात. दंड पाच फ्रँकचा. हा सगळा गावाची ओळख वाढवण्याचा बेत होता, तेव्हा कॅमेरा निर्धास्त काढा. लोकांच्या अंगणात शिरून मात्र नको.

प्रेडाहून पायी खाली

हाच या सहलीचा गाभा, म्हणून यासाठी हवामान पाहून दिवस निवडा. सकाळी बेर्ग्यूनहून गाडी पकडून प्रेडाला जा आणि जाताना स्टेशनांची नावं नव्हे, दिशा मोजा. सरळ रेषेत ही दोन गावं जेमतेम पाच किलोमीटरवर आहेत, उंचीतला फरक ४१६ मीटर. एवढ्या अंतरात रूळ सरळ टाकले असते तर गाडी चढलीच नसती. म्हणून अंतरच वाढवलं. रूळ दरीच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगावर गेले, डोंगरात शिरून गोल फिरले, आणि पाच किलोमीटरचे बारा झाले. बेर्ग्यून सुटल्यावर गाव आधी एका खिडकीत, मग दुसऱ्या खिडकीत, मग पुन्हा पहिल्या खिडकीत आणि दर वेळी आणखी खाली दिसतं. शेजारी बसलेल्या लहान मुलाला हे मोजायला लावा.

प्रेडाच्या स्टेशनापलीकडेच आल्बुला बोगद्याचं तोंड आहे. जुना बोगदा ५,८६५ मीटरचा, १९०३ पासून शंभराहून अधिक वर्षं वापरात होता. त्याच्या शेजारी नवा खोदला आणि जून २०२४ पासून गाड्या नव्यातून जातात. जुना आता संकटकाळी सुटकेचा मार्ग म्हणून ठेवला आहे. बर्फाळ पाण्यात उभं राहून हा जुना बोगदा खोदणाऱ्यांत इटलीहून आलेले मजूर मोठ्या संख्येने होते. भोर घाट फोडणाऱ्या हजारो अनाम हातांची आठवण मला इथे नेहमी येते.

स्टेशनापासूनच रेल्वेवाटेच्या खुणा सुरू होतात. पिवळ्या पाट्या पाहत चाला. अंतर सुमारे आठ किलोमीटर, थांबत थांबत तीन तास धरा. वाट उताराची आहे, कुठे धोकादायक नाही, पण साध्या चपला नकोत. ओल्या मुळांवर आणि खडीवर पाय घसरतो. पावसाचं जाकीट पिशवीत असू द्या, आकाश निळं असलं तरीही.

अर्ध्या वाटेवर, मुओटच्या आसपास, तीन गोल बोगदे आणि चार पूल एकाच उतारावर एकमेकांवर रचल्यासारखे आहेत. बोगद्यांची नावं झुओंद्रा, तुआ आणि रुग्नूक्स. इथे बसायची जागा शोधा, डबा उघडा आणि गाडीची वाट पाहा. ॲपमध्ये प्रेडाहून सुटणाऱ्या गाडीची वेळ पाहिलीत की ती कधी येणार ते कळतं. आधी वरच्या पुलावर लाल रेघ दिसते, मग डोंगरात नाहीशी होते. शांतता. मग ती अगदी वेगळ्याच बाजूने, उलट्या दिशेने जाताना दिसते. पुन्हा नाहीशी. पुन्हा खाली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला या तीन वेगळ्या गाड्या वाटतात. माझ्या वडिलांनी रेल्वेत चाकरी केली नव्हती, पण आयुष्यभर लोकलने प्रवास केला. ते त्या दगडावर बसून सलग तीन गाड्या जाईपर्यंत उठले नाहीत.

याच उतारावर २९ ऑक्टोबर २०२२ रोजी या रेल्वेने प्रेडाहून शंभर डब्यांची एकच गाडी खाली सोडली होती. लांबी १.९ किलोमीटर. जगातली सर्वांत लांब अरुंद रुळांवरची प्रवासी गाडी म्हणून तिची नोंद झाली. तिचं तोंड आणि शेपूट एकाच वेळी वेगवेगळ्या मजल्यांवर होतं.

चालणं ज्यांना जमणार नाही त्यांनी प्रेडाला चहा घेऊन पुढच्या गाडीने परत यावं. तेही छान होतं. चालणाऱ्यांची आणि न चालणाऱ्यांची भेट बेर्ग्यूनच्या स्टेशनावर ठरवा.

आणखी एक दिवस असेल तर

बेर्ग्यूनहून सकाळी निघून बर्निना खिंड पाहून रात्री परत येता येतं. ॲप गाडी कुठे बदलायची ते सांगेल. खिंडीकडे जाताना पुन्हा उजवीकडे बसा. मोर्तेराच हिमनदी, मग ओस्पित्सियो बर्निना हे २,२५३ मीटरवरचं स्टेशन आणि त्याच्या कडेचं दुधी रंगाचं सरोवर, सगळं उजवीकडे. सरोवराचं नावच लागो ब्यांको, म्हणजे पांढरं सरोवर. हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठामुळे त्याला तो रंग येतो. त्याच्या शेजारी एक छोटं काळं सरोवर आहे. काळ्याचं पाणी काळ्या समुद्राला जातं, पांढऱ्याचं ॲड्रियाटिकला. पाणलोटाची रेषा दोघांच्या मधून गेली आहे.

आल्प ग्र्यूमला उतरा. २,०९१ मीटरवरच्या या ठिकाणी मोटारीचा रस्ता नाही, गाडीने नाहीतर पायीच यावं लागतं. समोर पालू हिमनदी, खाली हजार मीटरवर पोस्कियाव्होचं खोरं. वेळ असेल तर तिरानोपर्यंत जा. वाटेत ब्रूझिओला उघड्या माळावर नऊ कमानींचा गोल पूल आहे, गाडी स्वतःच्याच रुळांखालून निघते. तिरानोत तर ती शहरातल्या रस्त्यावरून, मोटारींच्या मधून, चर्चच्या दारापुढून जाते. उन्हाळ्यात या भागातल्या काही गाड्यांना उघडे पिवळे डबे जोडतात. त्यात बसणार असाल तर कानटोपी हवीच, ऑगस्ट असला तरी.

खाण्याचं

शाकाहारी माणसाची अडचण होते, पण उपाशी राहायची वेळ येत नाही. मालुन्स मागा: किसलेला उकडलेला बटाटा पिठात घोळून लोण्यात सावकाश परततात, बरोबर सफरचंदाचा गर देतात. काप्युन्स हा पानात गुंडाळून शिजवलेला पदार्थ पाहून अळूवडीची आठवण होईल, पण त्याच्या पिठात बहुधा सुकवलेलं मांस असतं. विचारून घ्या, ‘ओने फ्लाइश’ म्हणजे मांसाशिवाय. जवाच्या सारातही मांसाचे तुकडे असतात. पोस्कियाव्होला गेलात तर पित्सोकेरी खा, कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी आणि चीज. अक्रोडाची नुसटोर्ट ही गोड पोळीवजा केक परतीच्या प्रवासात टिकते, घरच्यांसाठी तीच आणा.

घरून नेताना एक लक्षात ठेवा. भारतातून दूध आणि मांस यांचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप नको. बाकरवडी, भाजके पोहे, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, तेलातल्या दशम्या चालतात. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर मेतकूट-भात संध्याकाळी फार बरा वाटतो. तांदूळ तिथे मिळतो. रविवारी खेड्यातली दुकानं बंद असतात, शनिवारी दुपारीच सामान भरा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. चौकातल्या दगडी कुंडाचं पाणी पिण्याजोगं असतं, जिथे नसतं तिथे तशी पाटी असते.

परतताना

बेर्ग्यूनहून कूरला निघाल्यावर वीस मिनिटांतच फिलिझूरला उतरा. सामान स्टेशनावरच्या कपाटात ठेवा. ते भरलेलं असेल तर दोघांनी थांबा, दोघांनी जा. लांडवासर पुलाकडे जाणारी पायवाट तिथूनच निघते, पाऊण तासात पुलाच्या पायथ्याशी. येताना जो अर्ध्या मिनिटात संपला होता, तो आता खालून, डोकं मागे टाकून बघायचा. गाडी कड्यातून बाहेर पडून सहा कमानींवरून वळत जाते तेव्हा आधी आवाज येतो आणि मग ती दिसते. परतीला पाऊण तास धरा आणि कूरची गाडी त्या हिशोबाने आधीच ठरवून ठेवा. या वेळी डावीकडे बसा.